कार्ड टेकविताच पैसे कसे चुकते होतात?
निकट-क्षेत्र संदेशवहनाची ओळख आणि वापरातील दक्षता

इचलकरंजी हे यंत्रमागांचे शहर म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि संस्थानाधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनामुळे हा धंदा येथे रुजला. हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील शेतकरी खत, बियाणे, पंपाचे सुटे भाग आणि कापड यांच्या खरेदीसाठी या बाजारपेठेत येत असतो. उसाचे बिल व दुधाचे पैसे आता बहुधा बँकेच्या खात्यावर जमा होतात. त्यामुळे रोख रकमेबरोबरच बँकेचे कार्डही त्याच्या खिशात आलेले आहे. दुकानदार एक लहानसे यंत्र पुढे करतो, शेतकरी त्यावर कार्ड टेकवितो, यंत्र आवाज करते आणि पैसे चुकते होतात. कार्ड यंत्रात घालावे लागत नाही आणि रक्कम लहान असल्यास गुप्त आकडाही द्यावा लागत नाही. हे कसे घडते, आणि यात आपली रक्कम कितपत सुरक्षित असते, हे समजून घेणे प्रत्येक खातेदारास आवश्यक आहे.

दोन वेटोळ्यांचे कार्य

या पद्धतीस एन.एफ.सी. असे म्हणतात. मराठीत तिला ‘निकट-क्षेत्र संदेशवहन’ म्हणता येईल. नाव नवे असले तरी तिच्या मुळाशी असलेले तत्त्व जुने आहे. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली असे दाखवून दिले की, तारेच्या एका वेटोळ्यातील विजेचा प्रवाह बदलू लागला म्हणजे शेजारच्या दुसऱ्या वेटोळ्यातही वीज उत्पन्न होते. यासाठी दोन्ही वेटोळी एकमेकांस जोडलेली असावी लागत नाहीत.

याचे उदाहरण प्रत्येक शिवारात उभे आहे. ज्याला आपण डी.पी. म्हणतो, त्या रोहित्रात तारेची अशीच निरनिराळी वेटोळी असतात. एका बाजूस ११ हजार व्होल्ट दाबाची वीज येते आणि दुसऱ्या बाजूने शेतीपंपास मानवेल अशा दाबाची वीज बाहेर पडते. दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींस जोडलेल्या नसतात. त्यांच्यामधील चुंबकीय क्षेत्र शक्ती वाहून नेते.

दुकानातील यंत्र आणि कार्ड यांच्यामध्ये हेच घडते. यंत्रात एक वेटोळे असते. कार्डाच्या दोन थरांमध्येही पातळ तारेची वेटोळी बसविलेली असतात आणि ती एका सूक्ष्म चिपला जोडलेली असतात. पंपाच्या विजेचा प्रवाह सेकंदास ५० वेळा हेलकावतो, तर या यंत्रातील प्रवाह सेकंदास १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा हेलकावतो. कार्ड जवळ येताच त्याच्या वेटोळ्यात किंचित वीज उत्पन्न होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होते. म्हणूनच कार्डात बॅटरी नसूनही ते वर्षानुवर्षे चालते.

कार्ड उत्तर कसे देते?

सायंकाळी शेजारच्या विहिरीवरील मोटर सुरू झाली की घरातील दिवा क्षणभर मंद होतो. दुसरीकडे भार पडला, हे दिव्याकडे पाहूनच कळते. कार्डही आपले उत्तर याच रीतीने देते. चिप आपल्या वेटोळ्यावरील भार ठरावीक क्रमाने कमीजास्त करते. हा सूक्ष्म चढउतार यंत्रास आपल्या वेटोळ्यात जाणवतो आणि त्यावरून ते कार्डाचा संदेश वाचते.

वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होते. वेटोळ्यापासून काहीसे दूर गेल्यावर अंतर दुप्पट होताच त्याची तीव्रता सुमारे एक-अष्टमांश उरते. यामुळे कार्ड यंत्रापासून दोन-तीन बोटांच्या, म्हणजे सुमारे चार सेंटिमीटरच्या आत आणावे लागते. ही मर्यादा उपकारकच आहे. शेजारून जाणाऱ्या मनुष्याच्या कार्डातून पैसे जाऊ नयेत, हे तिच्यामुळेच साधते.

कोणी हा संदेश टिपून घेतला तर काय, अशी शंका येणे साहजिक आहे. त्यासाठी चिप प्रत्येक व्यवहारास नवा संकेत तयार करते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील पावतीचा क्रमांक एकदाच वापरला जातो आणि त्याच क्रमांकाची दुसरी पावती मान्य होत नाही; तद्वतच एका व्यवहाराचा संकेत दुसऱ्या व्यवहारास चालत नाही.

नित्याचे उपयोग

या पद्धतीची पूर्वपीठिका प्रवासाच्या तिकिटात सापडते. हाँगकाँग येथे १९९७ साली ‘ऑक्टोपस’ हे टेकवावयाचे कार्ड प्रवाशांच्या हाती आले. पुढे २००२ मध्ये सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी मिळून एन.एफ.सी.ची आखणी केली आणि २००४ मध्ये नोकियासह त्यांनी तिच्या प्रसारासाठी मंडळ स्थापन केले. भारतात ४ मार्च २०१९ रोजी एकच कार्ड निरनिराळ्या वाहनांत चालावे अशी राष्ट्रीय योजना सुरू झाली. पुणे मेट्रोचे कार्ड याच जातीचे आहे.

अनेक मोबाइल फोनांतही हे वेटोळे बसविलेले असते. असा फोन कार्डाप्रमाणे यंत्रावर टेकविता येतो, किंवा स्वतः यंत्र होऊन दुसरे कार्ड वाचू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय लाइट एक्स’ या सोयीत, रेंज नसतानाही एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये लहान रक्कम देता येते. मात्र दोन्ही फोनांत एन.एफ.सी. असावी लागते. दूध संकलनाच्या यंत्रांमध्येही सभासदाने कार्ड टेकवावे आणि वजन व स्निग्धांश त्याच्या खात्यावर आपोआप नोंदले जावेत, अशी रचना करता येते.

सारख्या दिसणाऱ्या निराळ्या गोष्टी

पुढील गोष्टींची एन.एफ.सी.शी गल्लत होते. ती टाळावी.

१. दुकानातील चौकटीचे चित्र, म्हणजे क्यूआर कोड, हे केवळ छापलेले चिन्ह असते. ते फोनचा कॅमेरा वाचतो.

२. मोटारीच्या काचेवरील फास्टॅग १६ फेब्रुवारी २०२१ पासून पथकर नाक्यांवर सक्तीचा झाला. तो रेडिओ लहरींवर चालतो. परंतु त्याची लहर निराळी असून तो काही मीटर अंतरावरून वाचला जातो.

३. गाईम्हशींच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यावर क्रमांक व रेघांचा बारकोड छापलेला असतो. त्यात चिप नसते.

४. अनुदानित खत घेताना पॉस यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. तेथे आधार क्रमांकावरून ओळख पटविली जाते. आधारच्या प्लास्टिक कार्डातही टेकवावयाची चिप नाही. त्यावर क्यूआर कोड असतो. म्हणून ‘आधार कार्ड यंत्राला टेकवा, पैसे मिळतील’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नियम आणि जोखीम

ज्या कार्डावर चार वक्र रेघांचे चिन्ह छापलेले असते, ते टेकवून चालणारे कार्ड होय. गुप्त आकड्यावाचून किती रक्कम देता यावी, याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये २,००० रुपये ठरविली होती. १ जानेवारी २०२१ पासून ती एका व्यवहारास ५,००० रुपये करण्यात आली. त्याहून मोठ्या रकमेस गुप्त आकडा द्यावाच लागतो.

खरी जोखीम येथेच आहे. हवेतून संदेश चोरीस जाण्यापेक्षा, कार्डच हरवणे किंवा परक्या हाती पडणे अधिक संभवनीय असते. असे कार्ड ज्याला सापडेल, तो बँकेने ते बंद करेपर्यंत गुप्त आकडा ठाऊक नसतानाही लहान खरेदी करू शकतो. पेरणीच्या ऐन दिवसांत खात्यावरील चार-पाच हजार रुपये गेले, तर लहान शेतकऱ्याचे खताचे गणित कोलमडते. म्हणूनच ही सोय हवी त्यानेच ठेवावी. २०२० साली रिझर्व्ह बँकेने बँकांना असे बंधन घातले की, नव्या कार्डावर टेकविण्याची सोय आधीपासून चालू ठेवू नये. ग्राहकाने मागितली तरच ती द्यावी, आणि ती चालू-बंद करण्याची व मर्यादा बांधण्याची मुभा त्यास असावी.

बँकेची जबाबदारी कोठून सुरू होते, हेही ठाऊक असावे. २०१७ साली व्यापारी व सहकारी या दोन्ही बँकांसाठी निघालेल्या आदेशांत असे ठरविण्यात आले की, खातेदाराने अनधिकृत व्यवहाराची वर्दी दिल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे. वर्दीस जितका विलंब, तितका तोटा अधिक, हे यावरून स्पष्ट होते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. यंत्रावर दिसणारी रक्कम वाचल्याखेरीज कार्ड टेकवू नये. वाचता येत नसल्यास बरोबरच्या विश्वासू मनुष्याकडून वाचून घ्यावी.

२. कार्ड स्वतःच्या हाताने टेकवावे. दुकानदाराच्या हाती देऊ नये.

३. गुप्त आकडा कार्डावर किंवा त्याच्या पाकिटावर लिहू नये, आणि बँकेच्या नावाने दूरध्वनी आला तरी कोणास सांगू नये.

४. बँकेत आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदवावा. खात्यातून रक्कम जाताच येणारा संदेश हीच चोरीची पहिली खबर असते.

५. कार्ड हरवताच प्रथम बँकेस कळवून ते बंद करावे. रक्कम गेली असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावरही तत्काळ तक्रार नोंदवावी, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ भाषणाने सांगू नये. एखाद्या खऱ्या खरेदीच्या वेळी दुकानात चार शेतकऱ्यांना बरोबर घेऊन प्रात्यक्षिक दाखवावे. कार्ड प्रथम वीतभर अंतरावर धरावे. यंत्र स्वस्थ राहील. मग ते अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून टेकवावे; तेव्हाही काही घडणार नाही, कारण धातू चुंबकीय क्षेत्रास अडवितो. शेवटी कागद काढून, पडद्यावरील रक्कम सर्वांस मोठ्याने वाचून दाखवावी आणि मगच कार्ड टेकवावे. याच भेटीत प्रत्येकाच्या कार्डामागील बँकेचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या घरातील वहीत उतरवून घ्यावयास सांगावे. कारण कार्ड हरवल्यावर त्यावर छापलेला क्रमांकही त्याच्याबरोबरच गेलेला असतो.