समुद्र ओलांडून जाणारा शिरो

घरातून निसटलेला कुत्रा जाऊन जाऊन जाणार कुठे? गल्लीच्या टोकापर्यंत, फार तर मटणाच्या दुकानापर्यंत. जपानमधल्या आका बेटावरचा शिरो १९८०च्या दशकात निसटायचा तो थेट समुद्रात उतरायचा. समोरच्या झामामी बेटावर मॅरिलिन नावाची कुत्री राहायची. मधे सुमारे ३ किलोमीटर खारं पाणी. एवढं अंतर सडकेनं चालायला आपल्याला पाऊण तास लागेल. हा पठ्ठ्या ते पोहून जायचा आणि तिला भेटून यायचा!

ही दोन्ही बेटं ओकिनावाच्या केरामा द्वीपसमूहातली, नाहा शहरापासून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर. नकाशावर पूर्वेकडून बोट फिरवत आणलं, तर जवळपास याच अक्षांशावर आपलं गुवाहाटी लागतं. म्हणजे उष्ण कटिबंध नुकताच संपलेला, पण थंडीनं जम बसवलेला नाही. त्यात दक्षिणेकडून कुरोशिओ नावाचा उष्ण सागरी प्रवाह येतो. त्यामुळे जानेवारीतही इथलं पाणी २१ अंशांच्या आसपास असतं, तर उन्हाळ्यात २८–२९ अंशांवर जातं. या उबेवरच इथली प्रवाळं वाढतात. मॅरिलिनला भेटायला बाराही महिने जाता येईल असा हा समुद्र आहे.

इथला दिवस बोटीच्या वेळापत्रकावर चालतो. भाजी, टपाल, पाहुणे, सगळं नाहाहून बोटीनं येतं. तुफानाच्या मोसमात बोट रद्द झाली की दुकानातली फळ्यांवरची भाजी बघता बघता संपते. बरीच घरं पाहुण्यांना खोल्या देतात आणि स्वयंपाकघरात त्यांच्या जेवणाचीही सोय होते. छपरांवर मातीचे शीसा बसवलेले असतात, अर्धे सिंह आणि अर्धे कुत्रे, बहुधा जोडीनं, एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. घराची राखण करणं हे त्यांचं काम. ज्या बेटांवर छपरावरचे कुत्रे कधीच जागचे हलत नाहीत, तिथेच हा खालचा कुत्रा एका जागी ठरेना, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण तो हे करायचा कसा? अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ फ्रँक फिश यांनी पोहणाऱ्या कुत्र्यांचं पाण्याखालून चित्रीकरण केलं. त्यात दिसलं ते असं: कुत्रा पाण्यात जवळजवळ दुडकी चालच चालतो. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एका वेळी, मग उलट जोडी. जमिनीवरची हीच चाल तो पाण्यात जरा जलद आणि जास्त पाय फेकून करतो. म्हणून पिल्लाला पोहणं फारसं शिकवावं लागत नाही. चालता येतं म्हणजे निम्मं पोहणं आलंच. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे अंगही अधिक तरंगतं. नाक तेवढं वर धरायचं.

पाण्याचं आणखी एक आकर्षण आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि लाळेच्या बाष्पीभवनानं अंग थंड करायचं, हाच त्याचा मुख्य उपाय. बेटावरच्या दमट हवेत तो नीट चालत नाही, कारण लाळ लवकर सुकत नाही. अशा दुपारी समुद्रासारखी दुसरी सोय नाही. शिवाय पलीकडचं बेट डोळ्यांना दिसतं आणि वारा तिकडचा वास घेऊन येतो. शास्त्रज्ञांच्या बोटीच्या टोकावर उभे राहणारे प्रशिक्षित कुत्रे पाण्यावर तरंगणारी देवमाशांची विष्ठा वासावरून दुरूनच हेरतात. शिरोला त्या वाऱ्यात काय काय कळत असेल, याची कल्पनाही आपल्याला करता येणार नाही.

मला सर्वांत नवल वाटतं ते याचं, की इथे पोहून जाणारा शिरो एकटा नव्हे. आका आणि आसपासच्या बेटांवर केरामा हरणं राहतात. सतराव्या शतकात क्यूशूहून आणलेल्या हरणांचे हे वंशज, मूळ हरणांपेक्षा लहान आणि गडद रंगाचे. तीही एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जातात! आणि डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत उत्तरेच्या थंड समुद्रातून कुबड्या देवमासे इथे विणीसाठी येतात. माणसाला जिथे किनारा संपला असं वाटतं, तिथे या सगळ्यांची वाट सुरू होते.

१९८८मध्ये शिरोवर चित्रपट निघाला आणि साऱ्या जपानला तो माहीत झाला. मॅरिलिन त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. शिरो २०००पर्यंत जगला, १७ वर्षांचा होऊन गेला. आज आकाच्या बंदरापाशी त्याचा पुतळा आहे, आणि झामामीच्या किनारी रस्त्यावर आकाकडे तोंड करून मॅरिलिनचा. २०१४मध्ये केरामा राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात या बेटांभोवतीचा समुद्रही आला.

ओकिनावाला जाणं झालं, तर नाहाच्या तोमारी बंदरातून बोट पकडा. तुफानाचा अंदाज आधी बघा, आणि परतीच्या प्रवासाआधी एखादा दिवस मोकळा ठेवा. आका आणि झामामी दोन्ही बघा. मधे छोटी बोट चालते, साधारण पाव तासात पोचवते. त्या बोटीत आत बसू नका, कठड्यापाशी उभे राहा आणि मधलं पाणी नीट पाहा. शिरोनं काय केलं ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.