राक्षसाला काळा रंग कोणी दिला?

पौषात उंब्रजजवळच्या पाल गावी खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. तारळीच्या काठी माणूस मावत नाही आणि भंडारा असा उधळतात, की गोरा कोण, काळा कोण, वाणी कोण, धनगर कोण, काही ओळखू येत नाही. याच देवाच्या कथेत मणी आणि मल्ल हे दोन दैत्य आहेत. देवाने त्यांना मारले, पण मणीने मरताना वर मागितला आणि त्याला पूजेचा मान मिळाला. शत्रूलाही जागा देणारी लोककथा ज्या मुलखात नांदते, तिथे नाटकातला, चित्रकथेतला, मालिकेतला राक्षस मात्र काळाकुट्ट आणि जाड ओठांचाच का?

याचा एक धागा सांगलीत सापडतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. आदल्या वर्षी कर्नाटकातल्या भागवत मंडळींनी सांगलीत केलेले खेळ त्यामागे होते. पुढे अशा नाटक मंडळ्यांत देवपार्टी, राक्षसपार्टी असे नटांचे गटच पडले. राक्षस यायच्या वेळी मशालीवर राळ फेकत. भपकन् जाळ उठे, त्या उजेडात रंगवलेले तोंड दिसे आणि ‘अलल् डुर्र’ अशी आरोळी ऐकून पोरे आईला बिलगत. कथा पुढे न्यायची ती सूत्रधाराच्या पदांनी. राक्षसाकडे रंग होता, आवाज होता. त्याची बाजू मांडणारे कोणी नव्हते.

ती मांडली मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या कटगुणच्या जोतीराव फुल्यांनी. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त धोंडिबाशी संवाद करत त्यांनी अवतारकथा उलटी वाचली. दैत्य हे इथले मूळचे लोक, अवतार हे बाहेरून आलेल्यांचे पुढारी, बळी हा न्यायी राजा आणि खंडोबा त्याच्या राज्यातला अधिकारी, असे त्यांनी लिहिले. पुस्तक अर्पण केले ते निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुराणातला राक्षस आणि अमेरिकेच्या मळ्यातला काळा गुलाम यांना एका धाग्यात ओवणारा हा विचार दीडशे वर्षांपूर्वी मराठीत झाला, याचा अभिमान वाटायला हवा. फुल्यांच्या या मांडणीमागचा आर्य वंशाचा सिद्धान्त बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये शूद्रांच्या उगमावरील ग्रंथात फेटाळला. पण फुल्यांचा मूळ प्रश्न त्याने निकालात निघत नाही: कथा कोणी सांगितली आणि कोणाला हिडीस ठरवून?

तो प्रश्न पुढच्या पिढ्यांच्या हाती पोचला नाही. १९६७ पासून मुंबईहून निघालेल्या ‘अमर चित्र कथा’ घरोघरी गेल्या. त्यांत देव गोरे किंवा निळे आणि असुर बहुधा काळपट, सुळे काढलेले. शेतात राबून रापलेल्या बापाच्या मुलाने त्या पानावर स्वतःला कुठे शोधायचे?

परदेशातही रंगाचा हाच खेळ, फक्त तिथे सावळ्या पात्रालाच गोरे केले गेले. १९६७ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतला खान नूनियन सिंग कथेत उत्तर भारतातला, बहुधा शीख. ती भूमिका केली मेक्सिकन नटाने, २०१३ च्या चित्रपटात गोऱ्या इंग्रज नटाने. अर्सुला ले ग्विनने १९६८ च्या कादंबरीत आपला जादूगार गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा रंगवला होता. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला गोरा केला, तेव्हा लेखिकेने जाहीर निषेध नोंदवला. कल्पनेतल्या जगात रंग आपोआप येत नाही. तो कोणीतरी निवडतो.

आपल्याकडे ही निवड बदलण्याचे एक मोठे काम मराठी विज्ञानकथेने केले. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. त्यांच्या कथांमुळे मराठी नावाची माणसे विश्वाची कोडी सोडवू लागली. तरी आपल्या विज्ञानकथेचा नायक अजून बहुतेक वेळा शहरातला, सुस्थित घरातलाच असतो. माणदेशातली मेंढपाळाची मुलगी यानात बसलेली फारशी दिसत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना बळीचे राज्य येवो असे आपण म्हणतो. त्याच दिवशी घरातल्या मुलांच्या हातातली चित्रकथा उघडा आणि त्यांना विचारा, यातला राक्षस कोणासारखा दिसतो, नायक कोणासारखा? लेखकांना आणि चित्रकारांना एकच मागणे: पुढचा राक्षस रंगवण्याआधी हेच दोन प्रश्न स्वतःला विचारा.