चिकूच्या चिलटांवर पोसा मासे

डहाणू-तलासरीत ‘फळमाशी’ म्हटलं की बागायतदाराच्या कपाळाला आठी पडते. ती मोठी माशी आंबा-चिकू आतून नासवते. पाळीव माशांना खाऊ म्हणून घालायची माशी ही नव्हे. अतिपिकल्या फळाभोवती घोंघावणारं, तांबूस डोळ्यांचं बारीक चिलट म्हणजे ड्रोसोफिला.

२०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवडच्या चिकूचा मऊ पडलेला, टाकाऊ गर इथे कामाला येतो. मात्र फळ फवारणीचं नको. गरात थोडा रवा आणि चिमूटभर यीस्ट कालवून बरणीत दोन बोटं थर द्यावा, वर चढायला कागदाची घडी उभी खोचावी. बरणी उघडी ठेवली की चिलटं आपणहून येतात. मग तोंडाला दाट विणीचं सुती कापड बांधावं. २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला सुमारे १० दिवस लागतात. तिशीपलीकडे पैदास घटते, म्हणून उन्हाळ्यात बरणी माठाशेजारी हलवावी. मुंग्या चढू नयेत म्हणून खाली पाण्याची ताटली हवीच.

खाऊ घालताना बरणी काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी. गारठलेली चिलटं पाण्यावर टिचकीने पाडली की गप्पी आणि फायटर मासे वर झेपावतात.