माथेरानच्या दोन उतारांवर

पनवेल सोडून पूर्वेकडे माथेरानच्या डोंगररांगेच्या रोखाने निघाले की नवी वस्ती हळूहळू विरळ होत जाते, भातखाचरांची चौकटी रचना दिसू लागते आणि नेरे हे गाव येते. माथेरानच्या पश्चिम उतारावरून निघालेली गाढी नदी याच खोऱ्यातून पनवेलच्या खाडीकडे जाते. पनवेल शहराची तहान पिढ्यानुपिढ्या भागवणारे देहरंगचे धरण तिच्यावरच बांधलेले आहे. समोर प्रबळगड, जुन्या कागदपत्रांतला मुरंजन, आणि त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका. पायथ्याशी ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या. या खोऱ्यात कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ वसलेले आहे. आणि याच डोंगररांगेच्या पूर्वेच्या अंगास, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कर्जतनजीक ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ या संस्थेचे मनोरुग्णांसाठी चालणारे केंद्र आहे. एक देहाच्या व्याधीने बहिष्कृत झालेल्यांसाठी, दुसरे मनाच्या व्याधीने वाट चुकलेल्यांसाठी. दोहोंच्या मधे डोंगर एकच. परंतु निसर्गाच्या सान्निध्यात माणसाला ठेवून बरे करणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाची त्यांनी दिलेली उत्तरे मात्र फार भिन्न आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.

हा प्रश्न आज पुन्हा उपस्थित होण्याचे कारण असे की, वीस-बावीस वर्षांचा मुलगा शिक्षण अर्ध्यावर टाकून खोलीचे दार लावून बसू लागला, किंवा व्यसनाच्या आहारी गेला, म्हणजे सुस्थितीतील आईबाप त्याच्यासाठी एखादे शांत, हिरवे, शहरापासून लांबचे ठिकाण शोधू लागतात. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात यॉर्क येथे विल्यम ट्यूक या क्वेकर पंथीय व्यापाऱ्याने १७९६ साली ‘रिट्रीट’ नावाचे मनोरुग्णालय उघडले, तेव्हा साखळदंड व चाबूक यांच्या जागी बाग, शेती आणि सौजन्य यांची योजना त्याने केली होती. आपल्याकडे मात्र निवासी उपचाराची ही परंपरा प्रथम रुजली ती मनोरुग्णांच्या नव्हे, तर कुष्ठरुग्णांच्या सेवेतून.

कुष्ठरोग हा वृद्धांचा आजार आहे असा एक सार्वत्रिक समज आहे. त्याला कारण, आपल्याला दिसतात ते रस्त्यावरचे, बोटे झडलेले वयस्क रुग्ण. वस्तुतः या जंतूची वाढ अतिशय मंद असते, संसर्गानंतर लक्षणे उमटण्यास कित्येक वर्षे लागू शकतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत पहिला बधिर चट्टा उमटतो तो ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर. ज्या वयात लग्न ठरावयाचे, नोकरी लागावयाची, त्याच वयात माणूस घरातून उठवला जात असे. त्याची सरकारी व्यवस्था म्हणजे १८९८ चा ‘लेपर्स अ‍ॅक्ट’, ज्याचा मुख्य हेतू निराधार रुग्णांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त करणे हा होता. मुंबईत तत्पूर्वीच, १८९० साली, महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या खटपटीने माटुंग्यास अशा रुग्णांसाठी आश्रयस्थान उघडले गेले होते. बंदोबस्ताच्या जागी सहजीवन आणण्याचे श्रेय गांधीविचाराने भारलेल्या कार्यकर्त्यांकडे जाते. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे काम उभे केले. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन झाले. आणि बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीने वरोऱ्याच्या खडकाळ माळावर आनंदवन फुलविले. नेऱ्याचे शांतिवन याच गोत्रातले.

या सर्व संस्थांनी जागा निवडल्या त्या गावकुसाबाहेरच्या. यात निसर्गप्रेमापेक्षा नाइलाजाचा भाग अधिक होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कुष्ठरुग्णांना गावात जमीन देणार कोण? परंतु त्या नाइलाजातून एक उपचारपद्धती जन्मास आली. हातापायांच्या नसा निकामी झाल्यामुळे ज्याला वेदना कळत नाही, त्याच्या हातात कुदळ देणे ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. निरोगी माणसाच्या तळव्याला फोड येऊ लागला की तो मूठ बदलतो. कुष्ठरुग्णाला फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि हाडापर्यंत पोहोचेतो त्याला पत्ता नसतो. म्हणून अवजारांच्या दांड्यांना जाड वेष्टन गुंडाळणे, पायांत मऊ रबराच्या एम.सी.आर. चपला घालणे, दिवसाचे काम संपल्यावर हातपाय पाण्यात भिजवून, तेल लावून, इंचाइंचाने डोळ्यांनी तपासणे, ही सारी शिस्त कामाचाच एक अवयव मानावी लागते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने पुन्हा कामास लावण्याचा मार्ग दाखविला, तोही याच जाणिवेतून की रुग्णाची बोटे झडतात ती प्रत्यक्ष रोगाने नव्हे, तर वेदनेच्या अभावी होणाऱ्या इजांमुळे. माती, पाणी, झाडे यांचा औषधी गुण कोणता, तर ती माणसाला काम देतात, आणि काम त्याला स्वतःच्या शरीराकडे पुन्हा लक्ष द्यावयास लावते.

पुढे औषधाने आपले कार्य केले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांच्या संयुक्त उपचाराने सहा महिने ते एक वर्ष एवढ्या अवधीत रोग बरा होऊ लागला. वैद्यकाच्या दृष्टीने कुष्ठवसाहतींचे प्रयोजन येथे संपले. परंतु दप्तरात ‘रोगमुक्त’ अशी नोंद झालेली माणसे घरी गेली का? पुष्कळशी गेली नाहीत. तारुण्यात घरातून निघालेल्या माणसाच्या मागे जमिनीच्या वाटण्या झालेल्या, भावंडांची लग्ने त्याचे नाव न काढता उरकलेली. तो परत गेला असता तर गेल्या तीस वर्षांचा सारा हिशेब नव्याने मांडावा लागला असता. कायदाही धिमाच. १८९८ चा तो अधिनियम रद्द होण्यास २०१६ साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ मध्ये.

म्हणून शांतिवनासारख्या ठिकाणी वसतीचे रूपांतर गावात झाले. ज्यांना परतीची वाट उरली नव्हती त्यांचे हेच घर ठरले. आणि रुग्णांचा ओघ आटू लागला तेव्हा संस्थेने आपले आवार इतरांस खुले केले. वृद्धांना निवारा, परिसरातील आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा, निसर्गोपचार केंद्र असा तिचा विस्तार होत गेला. ज्या जागेकडे एके काळी कोणी फिरकत नसे, तेथे प्रकृतीस्वास्थ्यासाठी राहावयास शहरातून सधन माणसे येऊ लागावीत, हा कालाचा न्याय विलक्षणच म्हणावयाचा. तथापि या यशाच्या पोटात एक अपयश आहे, आणि ते संस्थेचे नसून समाजाचे आहे: आपण रोग्याला आश्रय दिला, पण परत घेतले नाही.

आता डोंगराच्या पलीकडच्या बाजूस जाऊ. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ची स्थापना केली. तिच्या मुळाशी असलेला प्रसंग त्यांनी अनेकदा सांगितला आहे. उपाहारगृहात बसले असता, जटा वाढलेला एक कृश तरुण रस्त्यापलीकडे करवंटीने गटारातले पाणी पिताना त्यांना दिसला. त्याला ते आपल्या रुग्णालयात घेऊन आले. औषधांनी तो सावरला, तेव्हा तो आंध्र प्रदेशातील एका सुशिक्षित घरातला पदवीधर असल्याचे निष्पन्न झाले आणि त्याला त्याच्या माणसांकडे पोचविण्यात आले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील एक अध्यापक तशाच अवस्थेत रस्त्यावर आढळले. ते बरे झाल्यावर चित्रकारांनी आपली चित्रे विक्रीस देऊन निधी उभा केला, आणि त्यातून दहिसरला लहानसे रुग्णालय झाले. तेथे शेजाऱ्यांनी हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला. २००६ मध्ये कर्जतचे मोठे केंद्र सुरू झाले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक रुग्णांना संस्थेने घरी पोचविले होते.

येथील क्रम साधा आहे. रस्त्यावरून आणलेल्या माणसाला प्रथम आंघोळ, केशकर्तन, स्वच्छ कपडे, पोटभर अन्न, मग औषधोपचार, आणि त्याच्या जोडीला हिंडण्याफिरण्यास मोकळे आवार. काही आठवड्यांनी भ्रम ओसरू लागतात, झोप लागते, आणि एके दिवशी तो आपले नाव सांगतो. मग जिल्ह्याचे, तालुक्याचे, नदीचे, देवळाचे. त्याची भाषा जाणणारे समाजसेवक त्या तुटक खुणांवरून गाव हुडकून काढतात, आणि कार्यकर्ता त्याला आगगाडीने घरी नेऊन सोडतो. घरच्यांना आजाराचे स्वरूप समजावले जाते, पुढील औषधांची सोय लावून दिली जाते. मुक्काम साधारण दोन-तीन महिन्यांचा. या संस्थेत येणारा माणूस जाण्यासाठीच येतो. तिच्या साऱ्या व्यवस्थेचे तोंड बाहेरच्या दिशेला आहे.

स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मनोविकार बहुधा सतरा-अठरा ते तिशीच्या दरम्यान डोके वर काढतात, हे ध्यानात घेतले म्हणजे निवासी उपचाराचे मर्म अधिक स्पष्ट होते. अशा मनाला गर्दी, गोंगाट आणि जागरण सोसत नाही. नियमित झोप, सूर्यप्रकाश, ठरलेल्या वेळी जेवण, दोन तास अंगमेहनत यांनी औषधाच्या कामास अनुकूल भूमी तयार होते. पण तेवढ्याने भागत नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की, रुग्णालयातून परतलेल्या ज्या रुग्णांच्या घरी सतत दोषदर्शन, वैरभाव किंवा अतिरेकी काळजी असते, त्यांचा आजार अधिक वेळा उलटतो. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी गेल्या शतकाच्या मध्यास रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहावयास दिले, आणि उपचाराबरोबर त्यांचेही शिक्षण केले. भारतीय मानसोपचारातील हा एक क्रांतिकारक प्रयोग होय. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. ते भरशहरात असूनही फळाला आले, कारण तेथे रुग्णाच्या मुक्कामाला मुदत आहे, आणि व्यसनाधीनांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’सारखा गट आहे. अर्थात, रानाची शांतता उपकारक खरी, पण घराची तयारी अपरिहार्य.

शांतता व पावित्र्य यांचा दुरुपयोगही होतो. तमिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी निवाऱ्यास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. त्या आगीत २८ जण मरण पावले. त्या दुर्घटनेच्या स्मृतीने देशाचा विवेक हलला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात रुग्णास साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई झाली. मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक आस्थापनेस नोंदणी सक्तीची आहे, आणि समाजात राहण्याचा रुग्णाचा हक्कही कायद्याने मान्य केला आहे. डोंगरकपारीतील रम्य निवासात मुलाला पाठविणाऱ्या पालकांना या तरतुदी क्वचितच ठाऊक असतात.

नेऱ्याच्या परिसरात आता हा प्रश्न अधिकच तातडीचा होत आहे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि खोऱ्यातल्या सातबाऱ्यांवरची नावे झपाट्याने बदलू लागली. सेवासंस्थांनी नाइलाजाने पत्करलेला एकांत आता विकाऊ माल झाला आहे. ‘निसर्गाच्या कुशीत स्वास्थ्य’ अशा जाहिराती देणाऱ्यांना तो हवा आहे, आणि परवडणाऱ्यांना तो मिळेलही.

अशा वेळी पालकांनी काय पाहावे? आवारातली झाडे मोजू नयेत. संस्थेची नोंदणी २०१७ च्या कायद्याखाली झाली आहे काय, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतो, मुलाला घरी दूरध्वनी करता येतो काय, दिवसभर त्याच्या हाताला काम कोणते, कुटुंबाला उपचारात सामील करून घेतात काय, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो परत केव्हा येणार हे पहिल्याच दिवशी सांगतात काय, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही तर तेथून उठावे. आणि स्वतःलाही एक प्रश्न विचारावा: तो बरा होऊन आला, तर त्याला सामावून घेण्याची आपल्या घराची तयारी आहे काय? औषध आणि डोंगर आपापले काम करतात. ज्यांना शांतिवनासारख्या ठिकाणी आयुष्य काढावे लागले, त्यांच्या बाबतीत कमी पडले ते घर.