इयत्ता पाचवी, वाचन पहिलीचे

जून महिना उजाडला म्हणजे आपल्या पेठांतील दुकाने वह्या, छत्र्या आणि दप्तरे यांनी भरून जातात. बाप मुलाचे बोट धरून येतो आणि अभिमानाने सांगतो की, मुलगा यंदा पाचवीत गेला. दुकानदारही पाचवीच्या वह्यांचा गठ्ठा पुढे सरकवितो. या सबंध व्यवहारात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. मुलगा पाचवीत गेला हे ठीक. पण पाचवीचे पुस्तक त्यास वाचता येते काय?

हा प्रश्न आम्ही उगाच उकरून काढीत आहो असे कोणी समजू नये. खेडोपाडी मुलांच्या घरी जाऊन, एकेकास जवळ बसवून त्याचे वाचन तपासणारी ‘असर’ नावाची पाहणी आपल्या देशात २००५ सालापासून होत आली आहे. तीतील परीक्षा काही कठीण नसते. सुटी अक्षरे, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पुस्तकाच्या तोडीची एक लहानशी गोष्ट, एवढ्याच तिच्या पायऱ्या. २०२४ सालच्या पाहणीत ही गोष्ट वाचू शकणारी मुले पाचवीत शेकडा सुमारे ४९ आणि तिसरीत शेकडा सुमारे २७ आढळली. कोरोनाच्या साथीने शाळा बंद पडल्या म्हणून असे झाले, असे म्हणून पुष्कळ लोक मोकळे होतात. परंतु साथीच्या आधी, २०१८ सालीही, पाचवीचा आकडा शेकडा ५० च्या आसपासच होता. तेव्हा रोग जुना आहे. साथीने तो बळावला इतकेच.

आमचे बरेचसे वाचक व्यापारी आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेत बोलतो. ज्या पेढीवर दर दिवाळीस नवी वही पूजून उघडतात, पण मागील वर्षाची बाकी पुढे ओढीत नाहीत, त्या पेढीचे काय होते हे त्यांस सांगणे नको. आपल्या शाळांचा हिशेब या मासल्याचा आहे. पहिलीत अक्षर राहिले ती बाकी दुसरीच्या वहीत येत नाही. दुसरीत शब्द राहिला तो तिसरीच्या वहीत दिसत नाही. वही दरसाल कोरी करकरीत. आणि पाचवीस पोहोचेपर्यंत मुलगा बुडीत खात्यात जमा झालेला असतो.

याचा दोष शिक्षकाच्या माथी मारून स्वस्थ बसणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. एका वर्गात तीस मुले आहेत असे धरा. त्यांतली काही गोष्ट घडाघडा वाचतात, काही शब्दाशी अडखळतात, आणि काहींस ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेदही उमगलेला नाही. फळ्यावर धडा एकच. तो ज्यांस समजतो त्यांच्याकडे पाहून शिक्षक पुढे जातो. कारण पोर्शन संपला की नाही, हेच त्यास वरिष्ठ विचारतात. आता कायदा काय म्हणतो ते पाहा. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. संपूर्ण अभ्यासक्रम ठराविक मुदतीत पुरा करावा, हे त्यांतील एक. आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत अजमावून त्यास जरूर ते जादा शिक्षण द्यावे, हे त्याच्या लगतचे दुसरे. कायद्याच्या दृष्टीने दोहोंची योग्यता सारखीच. परंतु पहिल्या कर्तव्याची तपासणी होते आणि दुसऱ्याची आठवणही कोणास राहत नाही. आम्ही कायद्याचे पुस्तक उघडले आहे ते नवा हक्क मागण्यासाठी नव्हे. जो हक्क छापील आहे तो बालकाच्या पदरात पडावा, एवढेच आमचे मागणे आहे.

२०१९ सालच्या दुरुस्तीने पाचवीत व आठवीत मुलास त्याच वर्गात मागे ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. काहींस हाच रामबाण उपाय वाटतो. पण ज्या मुलास अक्षरओळख नाही, त्याच्यापुढे पाचवीचे तेच पुस्तक आणखी एक वर्ष धरल्याने अक्षरे कशी उमटणार? तो जिथे अडला आहे ती पायरी पाचवीत नाहीच. ती पहिलीत आहे. त्या पायरीवर उतरून त्याचा हात धरणे, हाच खरा उपाय होय.

जुन्या पंतोजींच्या शाळेत इयत्ता हा प्रकार नव्हता. धुळाक्षरे गिरविणारा, बाराखडी म्हणणारा आणि मोडी वाचणारा असे तिघे एकाच ओसरीवर बसत, आणि जो तो आपला धडा पुरा झाला म्हणजे पुढे सरके. त्या शाळेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तीत छडी होती, घोकंपट्टी होती. मुलींस आणि अस्पृश्य मानलेल्या जातींस तिचा दरवाजा बहुधा बंद होता. ती गेली हे उत्तमच झाले. पण तिच्याबरोबर एक शहाणपणही गेले. मुलाचा धडा त्याच्या वयावरून ठरवावयाचा नसून, त्यास काय येते यावरून ठरवावयाचा, हे ते शहाणपण.

ते परत आणण्याचा प्रयत्न आपल्या मुंबईतच झाला, हे सांगावयास आम्हांस आनंद वाटतो. १९९० नंतरच्या दशकात तेथे ‘प्रथम’ ही संस्था निघाली. तिने पालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, थोडीबहुत शिकलेली तरुणी. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसे आणि त्यांस अक्षर, शब्द, अंक येथपासून शिकवी. मुंबई व बडोदे येथे २००१ ते २००३ या काळात अर्थशास्त्रज्ञांनी या प्रयोगाची कसून परीक्षा केली. मुलांची प्रगती पहिल्या वर्षी दिसली आणि दुसऱ्या वर्षी ती सुमारे दुप्पट झाली. या परीक्षकांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांस पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच परीक्षेतील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मागची मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गातील गर्दी कमी झाली. तरी मागे राहिलेल्या मुलांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे वर्गातील डोकी कमी करून भागत नाही. धडा आणि मूल यांची गाठ पडावी लागते.

यापुढचा अनुभव अधिक बोलका आहे. बिहारात २००८ च्या जून महिन्यात सरकारी शिक्षकांनीच सुटीतील वर्ग चालविले. तेथे अभ्यासक्रमाचे ओझे नव्हते. मुलांचे वाचन सुधारले. शाळा सुरू झाल्यावर मात्र नुसते प्रशिक्षण आणि पुस्तके देऊन पाहिले, तर काहीच फळ आले नाही. कारण शिक्षक पुन्हा फळ्यावरच्या धड्याकडे वळले. हा धडा घेऊन २०१२-१३ साली हरियाणात एक तास वेगळा राखला. त्या तासापुरती तिसरी ते पाचवी या भिंती मोडल्या, मुलांस त्यांच्या वाचनाच्या पायरीप्रमाणे बसविले आणि देखरेख ठेविली. तेव्हा त्याच सरकारी शिक्षकांच्या हातून मुले पुढे गेली. उत्तर प्रदेशात २०१३-१४ साली शाळेतच काही दिवसांची वाचनशिबिरे भरविली. तेथे परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण, जेथे शिबिरे नव्हती तेथल्या मानाने, जवळजवळ दुप्पट झाले. तात्पर्य, शिक्षक नालायक नाही; त्याच्या हाती राखीव तास नाही.

आता या पद्धतीवर आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की, हुशार मुलांची संगत तुटल्याने मंद मुले अधिकच मंद होतील. केनिया देशात २००५ साली १२१ शाळांत पहिलीच्या वर्गाच्या दोन-दोन तुकड्या केल्या. निम्म्या शाळांत त्या गुणांवरून, निम्म्यांत चिठ्ठ्या टाकून. दीड वर्षाने पाहता गुणांवरून तुकड्या केलेल्या शाळांत वरच्या व खालच्या अशा दोन्ही तुकड्यांतील मुले अधिक शिकल्याचे आढळले. शिक्षकास आपल्यासमोरच्या मुलांस झेपेल असे शिकविता आले, हे त्याचे कारण.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. मुलांची प्रतवारी करणे म्हणजे नवी जातिव्यवस्था निर्माण करणे होय, असे काही विचारी गृहस्थ म्हणतात. ज्या देशात विशिष्ट जातींच्या मुलांस वर्गाबाहेर तरटावर बसविले गेले, त्या देशात ही शंका कोणी काढली तर तीस हसू नये. अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात हेच घडले. तेथील शाळांनी चाचण्या घेऊन मुलांस निरनिराळ्या मार्गांस लावले. खालच्या मार्गांत मुख्यतः गरीब आणि काळ्या वर्णाची मुले पडली, आणि एकदा पडलेले मूल क्वचितच वर निघाले. १९६७ साली न्यायाधीश स्केली राइट यांनी हॉब्सन विरुद्ध हॅन्सन या खटल्यात ही पद्धत घटनाबाह्य ठरवून मोडीत काढली. तो निर्णय आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. दिवसभर, सर्व विषयांत आणि वर्षानुवर्षे मुलास एका खणात कोंडणे, हा अन्याय होय.

परंतु त्याच अमेरिकेत मिसुरी प्रांतातील जॉप्लिन गावी १९५० नंतरच्या दशकात निराळी रीत चालू झाली. तेथे मुले आपापल्या वर्गातच असत. फक्त वाचनाच्या तासास चौथी, पाचवी, सहावीची मुले उठून ज्याच्या त्याच्या पायरीच्या खोलीत जात आणि तास संपला की परत येत. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी १९८७ साली अशा अनेक प्रयोगांचा ताळा घेतला. कायमच्या तुकड्या पाडून लाभ दिसत नाही आणि वाचनापुरती इयत्ता मोडून लाभ दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. औषध आणि विष यांतील अंतर हे असे मात्रेचे आहे.

म्हणून आमची सूचना आहे ती अटींसह. वाचनाचा गट एका तासापुरता असावा. इतर सर्व वेळ मुले एकत्र बसावीत, एकत्र खेळावीत आणि एकाच पंगतीस जेवावीत. गट कागदावरच्या परीक्षेने न ठरविता, मुलास जवळ घेऊन त्याचे वाचन ऐकून ठरवावा. दर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा ऐकावे, आणि जो पुढे सरकला त्यास त्याच दिवशी पुढे न्यावे. गटास ‘हुशार’ वा ‘ढ’ असले नाव कदापि देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खालच्या पायरीवर शाळेतील सर्वांत कसलेला शिक्षक नेमावा. आजवर त्याची नेमणूक नेमकी उलट होत आली आहे. ज्या शाळेस या अटी पाळावयाच्या नसतील, तिने गट पाडण्याच्या भरीस पडू नये.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ नावाची मोहीम सुरू करून, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलास वाचता यावे असा संकल्प सोडला. संकल्प सोडणे सरकारच्या हाती. तो आपल्या गल्लीतील शाळेत उतरला की नाही हे पाहणे आमच्या-तुमच्या हाती आहे. अनुदानित व सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, असे उपरोक्त कायद्याचे २१ वे कलम सांगते. या समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि ध्वजवंदन यांच्या चर्चेबरोबर एक प्रश्न विचारावा: तिसरी ते पाचवीतील किती मुलांस गोष्ट वाचता येते, आणि ज्यांस येत नाही त्यांच्यासाठी कोणता तास राखला आहे? आमच्या व्यापारी वाचकांनी आणखी एक करावे. दुकानात काम करणाऱ्या माणसाचा मुलगा किंवा मुलगी शाळेत जात असेल, तर एखाद्या संध्याकाळी तिला जवळ बसवून चार ओळी वाचावयास सांगावे. पाच मिनिटांत जे कळेल ते कोणत्याही प्रगतिपुस्तकात कळणार नाही.

१९११ साली नामदार गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. पुढच्या वर्षी परकी सरकारच्या बहुमताने ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्या वेळी आमचे गाऱ्हाणे परक्यांविरुद्ध होते. आज राज्य आमचे, कायदा आमचा, शाळाही आमची. आणि मुले शाळेत आली आहेत. आलेल्या मुलास पाच वर्षे बाकावर बसवून निरक्षर परत पाठविले, तर त्याचा जाब विचारावयास आता दुसरे कोणी उरलेले नाही.