आमवात आणि दाहशामक आहार

शरीरातील दीर्घकालीन दाह कमी व्हावा या हेतूने निवडलेल्या आहारास दाहशामक आहार असे म्हणतात. आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, या विकाराच्या संदर्भात ही संज्ञा वारंवार येते. या विकारात रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. सांधे सुजतात, सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात आणि उपचार न झाल्यास कूर्चा व हाडे यांची कायमची हानी होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार दोन ते तीन पट अधिक आढळतो.

दाहशामक आहाराची सर्वमान्य वैद्यकीय व्याख्या नाही. भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, तेलबिया व मासे यांवर भर आणि साखर, मैदा, तळलेले व कारखान्यात प्रक्रिया केलेले पदार्थ कमी, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे.

पथ्याची परंपरा

‘आमवात’ हा शब्द आयुर्वेदातील असून माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. न पचलेल्या अन्नापासून होणारा ‘आम’ हे तेथे या रोगाचे मूळ मानले आहे. आधुनिक वैद्यकातील विकाराशी ही संकल्पना तंतोतंत जुळत नाही. तथापि सांधे दुखू लागताच दही, चिंच, वाल, हरभरा, बटाटा असे आंबट व ‘वातूळ’ पदार्थ बंद करण्याची मराठी घरांतील रीत याच विचारपरंपरेतील आहे. हे पदार्थ सर्वच रुग्णांना बाधतात असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. टोमॅटो व वांगी यांच्याविषयीच्या प्रचलित समजुतीबाबतही हेच म्हणता येते. एखादा पदार्थ बाधतो अशी शंका असल्यास तो काही आठवडे वगळून पुन्हा सुरू करणे व फरकाची नोंद ठेवणे, ही पद्धत सरसकट वर्ज्य करण्यापेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

संशोधन

नॉर्वेमध्ये ५३ रुग्णांवर झालेला व १९९१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी उल्लेखिला जातो. त्यात आहारगटातील रुग्णांना सात ते दहा दिवसांच्या उपवासानंतर वर्षभर शाकाहार देण्यात आला आणि त्यांच्या वेदना व सूज यांत सुधारणा दिसली. मात्र आपण काय खात आहोत हे रुग्णापासून लपवता येत नसल्याने अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे अशा अभ्यासांत कठीण असते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात बारा आठवड्यांच्या भूमध्यसागरी धाटणीच्या आहाराने रोगाची तीव्रता कमी झाल्याचे आढळले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांत केवळ याच आहाराची, तीही सशर्त, शिफारस आहे.

माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले रोज सुमारे तीन ग्रॅम या प्रमाणात काही महिने घेतल्यास वेदना व सकाळचा ताठरपणा काहीसा कमी होतो. बांगडा व तारली हे कोकण-गोव्यातील मासे या मेदाम्लांचे चांगले स्रोत आहेत, परंतु आठवड्यातून दोनदा मासे खाऊन एवढी मात्रा मिळत नाही. जवसातील ओमेगा-३ निराळ्या प्रकारचे असून शरीरात त्याचा अल्प अंशच माशांतील प्रकारात रूपांतरित होतो. त्यामुळे जवसाची चटणी पौष्टिक असली तरी माशांच्या तेलाची बरोबरी करीत नाही. हळदीतील कर्क्युमिनचे प्रमाण वजनाच्या सुमारे तीन टक्के असते व ते रक्तात फारसे शोषले जात नाही. फोडणीतील हळदीला यामुळे बाध येत नाही. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी मात्र यकृतास इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

सिलिॲक रोगाशी तुलना

सिलिॲक रोग हाही आत्मप्रतिकारक विकार आहे, पण तेथे आहार हाच उपचार ठरतो. गहू, जव व राय यांतील ग्लुटेन हे त्याचे कारण आहे; गव्हासारखी काही धान्ये या रुग्णांना अपायकारक ठरतात हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडले. अशा रुग्णास ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ चालतात. बाजारातील खड्याच्या वा पुडीच्या हिंगात पुष्कळदा कणीक वा मैदा मिसळलेला असतो, ही बाब मात्र सहज नजरेतून सुटते. आमवातात असा एकच दोषी घटक सापडलेला नाही. दोन्ही विकारांना एकाच मापाने मोजल्यामुळेच पोळी सोडण्याचा सल्ला आमवाताच्या रुग्णांनाही दिला जातो.

औषधोपचार आणि आहार

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे प्रमुख औषध आठवड्यातून एकदाच घेतले जाते. त्याचा यकृतावर भार पडत असल्याने मद्य टाळावे लागते आणि सोबत फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडे विरळ होतात. अशा वेळी पथ्य म्हणून दूध-दही बंद केल्यास कॅल्शियमचा महत्त्वाचा स्रोत नाहीसा होतो. नाचणी व तीळ ही उणीव काही अंशी भरून काढतात. सांध्यांची हानी रोगाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते आणि एकदा झिजलेले हाड आहाराने पूर्ववत होत नाही. त्यामुळे आहाराचा प्रयोग करीत असताना औषध थांबवलेले काही महिनेही बोटांच्या सांध्यांना कायमचे वाकडे करण्यास पुरेसे ठरू शकतात.