हातचा एक, बोटांखाली

४६७ अधिक ३८५. सात नि पाच बारा, दोन खाली, हातचा एक. डोळस मुलाला हे कागदावर सहज जमते, कारण वरचा आकडा, खालचा आकडा आणि हातचा एकाच नजरेत मावतात. ब्रेल पाटीवर तसे होत नाही. तिथे कागद उजवीकडून डावीकडे टोचत जायचा, ठिपके उठतात मागच्या बाजूला, आणि वाचायचे तर कागद काढून उलटायचा. उभी मांडणी करताना प्रत्येक आकड्यागणिक ही उलटापालट कोण करणार?

हा पेच इंग्लंडमधल्या यॉर्कच्या अंधशाळेत विल्यम टेलर यांनी सोडवला. ही शाळा १८३३ची, आणि टेलर तिथले पहिले प्रमुख. त्यांच्या नावाची टेलर फ्रेम आजही आपल्या अंधशाळांत गणिताच्या तासाला बाकावर येते.

फ्रेमवर ओळीने आठ टोकांच्या चांदणीसारखी छिद्रे असतात. त्यांत बसणारे छोटे चौकोनी टाइप आठ दिशांनी ठेवता येतात. टाइपच्या एका टोकाला उंच कड असते, दुसऱ्या टोकाला दोन टोचरे उंचवटे. कडेच्या आठ दिशा म्हणजे १ ते ८. टाइप उलटा केला की ९, शून्य आणि बेरीज-वजाबाकीची चिन्हे. एकाच टाइपमधून सोळा खुणा! बीजगणिताच्या अक्षरांसाठी निराळे टाइप असतात.

खरी किमया पुढे आहे. वरच्या बेरजेचे उत्तर ८४२ आले, तर मुलाची बोटे खालून वर चढतात, दशकाच्या घरात थबकतात आणि हातचा राहिल्याचे त्याला स्वतःला कळते. तो टाइप उचलतो, फिरवतो आणि पुन्हा बसवतो. चूक शोधण्याचा आणि खोडण्याचा हा अधिकार तोंडी हिशेबात किंवा बोलक्या कॅल्क्युलेटरमध्ये मिळत नाही. १९६२मध्ये अमेरिकेत टिम क्रॅन्मर यांनी अंधांसाठी सुधारलेला अबॅकस वेगाने उत्तर देतो, पण त्यावर मधल्या पायऱ्या उरत नाहीत. शिकताना पायऱ्याच महत्त्वाच्या असतात, असे माझे ठाम मत आहे.

फ्रेमच्या मर्यादाही आहेत. नवे गणित मांडायचे तर जुने काढावे लागते, म्हणून शिक्षकाला तिथल्या तिथे तपासावे लागते. फ्रेम कलंडली तर टाइप विखुरतात. भूमितीच्या आकृत्यांना ती उपयोगी नाही. त्यासाठी उठावाच्या रेषा लागतात.

महाराष्ट्रात १९०० साली अ‍ॅना मिलार्ड यांनी सुरू केलेली दादरची अंधशाळा अजून चालू आहे. ब्रेल साधने देशातच घडावीत म्हणून देहरादूनला सरकारी कार्यशाळा आहे. आता अनेक दृष्टिहीन मुले जवळच्या साध्या शाळेत जातात, आणि तिथे गणित आले की "तू नुसते ऐक" असे त्यांना सांगितले जाते. हे थांबायला हवे. शिक्षकांनो, तुमच्या वर्गात असे मूल असेल तर शाळेकडे टेलर फ्रेम मागा. त्या सोळा खुणा आधी स्वतः डोळे मिटून शिका, आणि मग त्याला फळ्यावरचेच गणित घाला.